आमदार, मंत्री आणि मग न्यायमूर्ती: कृष्ण अय्यर यांच्या वाटचालीचा प्रकरण अभ्यास

मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सुरू झाले आणि सोलापूरच्या वकिलांचे मुंबईची रात्रीची गाडी धरणे थांबून कोल्हापूरची वाट सुरू झाली. त्याच दिवसांत मुंबई उच्च न्यायालयातील एका नियुक्तीवरून राज्यभर वाद चालला होता, कारण ज्यांच्या नावाची शिफारस झाली त्या वकील पूर्वी सत्ताधारी पक्षाच्या प्रदेश प्रवक्त्या राहिल्या होत्या. आमच्या बार रूममध्येही दुपारच्या चहाला दुसरा विषय नव्हता. एका ज्येष्ठ वकिलांचे म्हणणे असे पडले, की झेंडा हातातून खाली ठेवता येतो, मनातून ठेवता येत नाही. त्यावर नुकतीच सनद मिळालेल्या एका मुलीने विचारले, "सर, मग कृष्ण अय्यरांचं काय? ते तर सर्वोच्च न्यायालयात येण्याआधी मंत्री होते." या प्रश्नाला कुणाकडेच नीट उत्तर नव्हते, माझ्याकडेही नव्हते. नवोदित वकील आणि विधी महाविद्यालयाचे विद्यार्थी यांच्यासोबत आमची जी शनिवारची बैठक होते, तिच्यासाठी मी हे प्रकरण मांडायला घेतले ते तिच्या त्या प्रश्नामुळे.

सोलापूरकराला याच्या उलट दिशेचा प्रवास चांगला परिचयाचा आहे. सुशीलकुमार शिंदे सोलापूरच्या न्यायालयात शिपाई होते, पुढे पोलिस उपनिरीक्षक झाले, १९७४ मध्ये करमाळ्यातून विधानसभेत गेले आणि मुख्यमंत्रीपदापर्यंत व देशाच्या गृहमंत्रिपदापर्यंत पोहोचले. न्यायालयातून राजकारणात जाणाऱ्याचे आपण कौतुक करतो. राजकारणातून न्यायासनावर येणाऱ्याकडे मात्र संशयाने पाहतो, आणि तो संशय अनाठायी नाही, कारण न्यायासनावरच्या माणसाला पुन्हा मते मागायला लोकांपुढे जायचे नसते.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगता येते. घटनेच्या अनुच्छेद १२४ आणि २१७ मध्ये न्यायमूर्तींची पात्रता दिलेली आहे आणि राजकीय पक्षाचे सदस्यत्व किंवा लोकप्रतिनिधित्व ही अपात्रता म्हणून तिथे कुठेही नाही. ७ फेब्रुवारी २०२३ रोजी मद्रास उच्च न्यायालयातील अशाच एका नियुक्तीला दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने फेटाळले, तेव्हा पात्रता आणि योग्यता यांतला भेद सांगितला गेला. पात्रता न्यायालय तपासू शकते, योग्यता ठरवणे हे नियुक्तीच्या प्रक्रियेतील सल्लामसलतीचे काम आहे. वाद आहे तो योग्यतेचा, आणि तो तत्त्वाने सुटत नाही. एखाद्या माणसाने खुर्चीवर बसून प्रत्यक्षात काय केले, हे पाहूनच त्यावर काही बोलता येते.

थलश्शेरीचा वकील

व्ही. आर. कृष्ण अय्यर यांचे मूळ गाव केरळातील पलक्कडजवळचे, पण त्यांची वकिली उभी राहिली मलबारमधील थलश्शेरी येथे, वडिलांच्याच हाताखाली, १९३० च्या दशकाच्या अखेरीस. मलबारमध्ये जमीनदार आणि कुळे यांचा संघर्ष तेव्हा टोकाला गेला होता आणि त्यांच्याकडे येणारे पक्षकार बहुतांशी कुळे, शेतमजूर आणि कामगार हे होते. कम्युनिस्टांना कायदेशीर साहाय्य केल्याच्या आरोपावरून १९४८ मध्ये त्यांना सुमारे महिनाभर तुरुंगात ठेवण्यात आले. हा महिना या प्रकरणात विसरून चालणार नाही. पुढे तुरुंगांविषयी त्यांनी जे लिहिले, ते आत राहून आलेल्या माणसाने लिहिलेले आहे.

१९५२ मध्ये ते कुथुपरंबा मतदारसंघातून अपक्ष म्हणून मद्रास विधानसभेवर निवडून गेले. १९५७ मध्ये केरळ राज्याच्या पहिल्या निवडणुकीत ते थलश्शेरीतून पुन्हा अपक्ष म्हणूनच, पण कम्युनिस्ट पक्षाच्या पाठिंब्यावर निवडून आले आणि ई. एम. एस. नंबुद्रिपाद यांच्या मंत्रिमंडळात मंत्री झाले. कायदा, तुरुंग, वीज, पाटबंधारे अशी खाती त्यांच्याकडे होती. गरिबांना सरकारी खर्चाने वकील देण्याचे नियम केरळात याच काळात झाले. ते कधीही पक्षाचे सदस्य नव्हते, असे त्यांचे चाहते आवर्जून सांगतात. ते खरे असले तरी त्यावर फार भर देण्यात मला अर्थ वाटत नाही. ज्या मंत्रिमंडळाचा निर्णय सामूहिक जबाबदारीचा, त्यातला मंत्री अपक्ष असला तरी त्या निर्णयांचा वाटेकरी असतोच.

३१ जुलै १९५९ रोजी केंद्राने अनुच्छेद ३५६ खाली ते सरकार बरखास्त केले. कृष्ण अय्यर पुन्हा काळा कोट घालून उभे राहिले. १९६० च्या निवडणुकीत थलश्शेरीतून ते अगदी थोड्या मतांनी हरले, त्यांनी निवडणूक याचिका दाखल केली, फेरमोजणी झाली आणि ते विजयी ठरले. विधानसभेची खुर्ची त्यांना या वेळी मतपेटीने दिली नाही, निवडणूक याचिकेने दिली. वाचकांनी हा तपशील लक्षात ठेवावा, कारण जून १९७५ मध्ये त्याचा संदर्भ पुन्हा येणार आहे. १९६५ मध्ये मात्र ते हरले आणि निवडणुकीचे राजकारण त्यांच्यापुरते तिथेच संपले.

२ जुलै १९६८ रोजी ते केरळ उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. तेव्हा केरळात मुख्यमंत्री पुन्हा नंबुद्रिपादच होते. नियुक्तीच्या सल्लामसलतीत राज्य सरकारचा शब्द तेव्हा आजच्यापेक्षा वजनदार होता, हे लक्षात घेतले तर आपल्या जुन्या मुख्यमंत्र्यांच्या राजवटीत न्यायासन मिळणे हे आज कुठल्याही बार असोसिएशनने निषेधाचा ठराव करण्याजोगे ठरले असते. १९७१ मध्ये ते विधी आयोगावर गेले.

जुलै १९७३

सर्वोच्च न्यायालयात त्यांना आणण्याचा प्रयत्न आधीही झाला होता आणि सरन्यायाधीश सिक्री यांच्या विरोधामुळे तो थांबला होता. २४ एप्रिल १९७३ रोजी संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराला मर्यादा घालणारा केशवानंद भारती खटल्याचा निकाल लागला, दुसऱ्याच दिवशी न्या. शेलाट, न्या. हेगडे आणि न्या. ग्रोव्हर या तिघांची ज्येष्ठता डावलून न्या. ए. एन. रे यांना सरन्यायाधीश करण्यात आले आणि तिघांनी राजीनामे दिले. न्यायमूर्ती निवडताना त्यांचे सामाजिक तत्त्वज्ञान पाहिले पाहिजे, असे समर्थन केंद्रीय मंत्री मोहन कुमारमंगलम यांनी संसदेत उघडपणे केले. या सगळ्यानंतर अडीच-तीन महिन्यांत, १७ जुलै १९७३ रोजी, कृष्ण अय्यर सर्वोच्च न्यायालयात आले.

मुंबईच्या वकीलवर्गातून या नियुक्तीला जाहीर विरोध झाला. विरोध करणाऱ्यांत सोली सोराबजी होते आणि आपली ती चूक होती, हे त्यांनी पुढे मोकळेपणाने मान्य केले. सोराबजींचा मोठेपणा मला मान्य आहे, तरीही त्यांची १९७३ ची भूमिका चूक होती असे मला वाटत नाही. ज्या सरकारने आपल्याविरुद्ध निकाल देणाऱ्या तीन न्यायमूर्तींना डावलले, त्याच सरकारने तत्त्वज्ञान पाहून न्यायमूर्ती निवडायचे, हा पायंडा वाईटच होता. त्या वाईट मार्गाने एक अत्यंत चांगला न्यायमूर्ती आत आला, ही त्या मार्गाची पुण्याई नव्हे. निवडीची पद्धत आणि निवडलेला माणूस या दोन गोष्टींची वेगवेगळी तपासणी केली नाही, तर कृष्ण अय्यर यांचे नाव पुढे करून आज कुणाचीही नियुक्ती समर्थनीय ठरवता येईल, आणि तसे होतानाही मी ऐकले आहे.

डावलल्या गेलेल्यांपैकी के. एस. हेगडे हे स्वतः १९५२ ते १९५७ या काळात काँग्रेसचे राज्यसभा सदस्य होते. म्हणजे काँग्रेसच्या एका माजी खासदाराला काँग्रेसच्याच सरकारने डावलले, कारण न्यायासनावर तो सरकारच्या उपयोगी पडत नव्हता. आमच्या ज्येष्ठांच्या झेंड्याच्या सिद्धांतात हे उदाहरण बसत नाही.

२४ जून १९७५

न्यायमूर्तीचा राजकीय भूतकाळ खटल्याच्या अगदी जवळ आलेला पाहायचा असेल, तर या दिवसाइतका दुसरा दिवस सापडणार नाही. १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या न्या. जगमोहनलाल सिन्हा यांनी इंदिरा गांधी यांची रायबरेलीतून झालेली निवड भ्रष्ट आचरणाच्या कारणावरून रद्द केली, सहा वर्षांची अपात्रताही लागू झाली, आणि अपिलासाठी वीस दिवसांची स्थगिती दिली. सर्वोच्च न्यायालयाला उन्हाळी सुट्टी होती आणि सुट्टीतील न्यायमूर्ती म्हणून एकटे कृष्ण अय्यर बसले होते.

आता त्यांची परिस्थिती पाहा. ज्या पक्षाच्या केंद्र सरकारने १९५९ मध्ये त्यांचे मंत्रिमंडळ बरखास्त केले, त्या पक्षाच्या नेत्या समोर होत्या. बरखास्तीच्या वेळी काँग्रेसच्या अध्यक्षा त्याच होत्या. दुसरीकडे, याच नेत्याच्या सरकारने दोन वर्षांपूर्वी त्यांना वादग्रस्त परिस्थितीत सर्वोच्च न्यायालयात आणले होते. सूड उगवावा किंवा उपकार फेडावेत, असे दोन्ही मोह एकाच फाइलीत होते. शिवाय निवडणूक याचिकेने खुर्ची कशी मिळते, हे त्यांनी थलश्शेरीत स्वतः अनुभवले होते.

केंद्रीय कायदामंत्री तेव्हा ह. रा. गोखले होते. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्तीपद सोडून पुढे राजकारणात आलेले हे मराठी गृहस्थ म्हणजे कृष्ण अय्यर यांच्या प्रवासाची उलटी प्रतच. अपील दाखल होण्याआधी गोखल्यांनी त्यांना दूरध्वनी करून भेटण्याची इच्छा व्यक्त केली. विषय कळल्यावर कृष्ण अय्यर यांनी भेटीची गरज नाही, अपील रजिस्ट्रीत दाखल करा, असे सांगितले. ही हकीकत त्यांनी स्वतः नंतर सांगितलेली आहे. आपल्याला आज हे साधे वाटेल. पण एका माजी मंत्र्याला एका विद्यमान मंत्र्याचा फोन येतो, दोघेही कायद्यातले, दोघांनाही दोन्ही बाजूंच्या खुर्च्या ठाऊक, तेव्हा 'या, चहाला या' म्हणणे किती सहज असते, हे तालुक्याच्या न्यायालयात काम केलेल्या कुणालाही कळेल.

२३ जूनला दिवसभर युक्तिवाद झाले. इंदिरा गांधींच्या वतीने नानी पालखीवाला यांनी बिनशर्त स्थगिती मागितली, त्यांच्या निवडीविरुद्ध याचिका करणारे राजनारायण यांच्या वतीने शांती भूषण यांनी तिला विरोध केला. दुसऱ्या दिवशी आदेश आला. निवडणूक अपिलांत सर्वोच्च न्यायालय तोवर ज्या प्रकारची सशर्त स्थगिती देत आले होते, तीच इथे दिली गेली. त्या लोकसभेच्या सदस्य राहतील, हजेरीपटावर सही करू शकतील, पण सदस्य म्हणून कामकाजात भाग घेणार नाहीत, मतदान करणार नाहीत आणि सदस्याचे वेतन घेणार नाहीत. पंतप्रधान म्हणून सभागृहात बोलण्याचा त्यांचा अधिकार मात्र अबाधित राहील, कारण अनुच्छेद ८८ प्रमाणे मंत्र्याला तो असतोच. कायदा कठोर वाटत असेल तर तो बदलणे हे विधिमंडळाचे काम आहे, न्यायालयाला तो आहे तसाच लावावा लागेल, असेही त्या आदेशात सुचवलेले आहे.

हा आदेश कुणालाच आवडला नाही. सरकारला बिनशर्त स्थगिती हवी होती. मत देण्याचा अधिकार नसलेली पंतप्रधान कशी चालते, असा सवाल विरोधकांनी केला, २५ जूनला रामलीला मैदानावर जयप्रकाश नारायण यांची सभा झाली आणि त्याच रात्री आणीबाणी आली. स्थगिती नाकारली असती तर पुढचा इतिहास टळला असता, असे अनेकजण म्हणतात आणि काहीजण त्यात त्यांच्या भूतकाळाचा हात शोधतात. मी तो आदेश अनेकदा वाचला आहे आणि मला त्यात केवळ पायंडा दिसतो. एरवी पायंडे मोडण्यासाठी प्रसिद्ध असलेला हा माणूस त्या दिवशी पायंड्याच्या एक इंचही पुढे गेला नाही. साध्या आमदाराच्या अपिलात जो आदेश झाला असता, तोच पंतप्रधानांच्या अपिलात झाला. आदेशाचा परिणाम काय होईल याचा राजकीय अंदाज त्यांना नसेल, हे मला पटत नाही. अंदाज असूनही तो बाजूला ठेवला, हेच माझ्या दृष्टीने या प्रकरणातले मुख्य निरीक्षण आहे.

ऑगस्ट १९७८

भूतकाळ दुसऱ्या तऱ्हेनेही न्यायासनावर येतो. तो बाजू घ्यायला लावत नाही, पण इतरांना न दिसणाऱ्या गोष्टी दाखवतो. ऑगस्ट १९७८ या एका महिन्यात कृष्ण अय्यर यांचे तीन निकाल आले आणि तिन्हींत हे पाहायला मिळते.

१७ ऑगस्टचा होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा निकाल आपल्या राज्यातला आहे, तरी आपल्याकडे तो नावापुरताच उद्धृत होतो. आरोपी सौराष्ट्र विद्यापीठात प्रपाठक होता आणि त्याने कर्नाटक विद्यापीठाच्या बनावट पदव्यांसाठी मुंबईतील छपाईचे ब्लॉक तयार करणाऱ्या एकाकडून खोटा शिक्का करवून घेण्याचा प्रयत्न केला होता. सत्र न्यायालयाने न्यायालय उठेपर्यंतची शिक्षा आणि दंड दिला, उच्च न्यायालयाने १९७३ मध्ये ती तीन वर्षांवर नेली. त्याने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला तो चार वर्षांहून अधिक विलंबाने, तोवर शिक्षा भोगूनही झाली होती. विलंबाचे कारण त्याने सांगितले की निकालाची नक्कल मला मिळालीच नाही. उच्च न्यायालयाने ती येरवडा कारागृहाच्या अधीक्षकांकडे पाठवली होती. पण कैद्याच्या हाती ती पडल्याची, त्याच्या सहीची पोच कुठेही नव्हती.

त्याची शिक्षा योग्यच होती आणि अर्ज फेटाळलाही गेला. आरोपी काही दीनदुबळा नव्हता, गुन्हाही सहानुभूती वाटावी असा नव्हता. दुसऱ्या कुणी 'विलंबाचे कारण पटत नाही' असे एक वाक्य लिहून फाइल बंद केली असती. कृष्ण अय्यर त्या नसलेल्या सहीपाशी थांबले. निकालाची नक्कल तुरुंगाच्या कचेरीत पडून राहिली तर अपिलाचा हक्क कागदावरच राहतो, हे त्यांनी लिहिले आणि नियम घालून दिला: तुरुंगवासाची शिक्षा देणाऱ्या न्यायालयाने निकालाची प्रत मोफत द्यायची, ती तुरुंगामार्फत पाठवली असेल तर अधिकाऱ्याने कैद्याला तत्परतेने पोहोचवून त्याची लेखी पोच घ्यायची, अपिलासाठी लागेल ती सोय तुरुंगाने करायची, आणि वकील करण्याची ऐपत नसेल तर योग्य प्रकरणात न्यायालयाने वकील द्यायचा. तुरुंग खात्याचा मंत्री राहिलेल्या माणसाला कागद कुठे अडकतो हे माहीत असते.

येरवडा हे नाव सोलापूरकराला नुसते ठिकाण म्हणून वाचता येत नाही. १९३० च्या मार्शल लॉनंतर मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या आपल्या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी तिथेच फाशी दिले. आजही सोलापूरच्या माणसाला मोठी शिक्षा झाली की तो येरवड्याला जातो आणि घरच्यांना भेटीसाठी पुण्याची गाडी धरावी लागते.

२४ ऑगस्टचा मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य हा निकाल मला माझ्या रोजच्या कामात लागतो. मोतीराम गवंडी होता. सर्वोच्च न्यायालयाने जामीन मंजूर केला, तर खालच्या न्यायालयाने दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि भावाचा जामीन नाकारला, कारण भाऊ आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती. कृष्ण अय्यर यांनी हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर त्याला सोडले आणि विचारले, की आपल्याच जिल्ह्यातला जामीनदार हवा असे कुठला कायदा सांगतो? मल्याळी, कानडी, तमिळ किंवा आंध्रातला माणूस दूरच्या गावी पकडला गेला तर तिथे मालमत्ता असलेला जामीनदार त्याने कुठून आणायचा?

सोलापूर हे तीन भाषांचे गाव आहे. पूर्व भागातल्या यंत्रमागावर राबणाऱ्या माणसाचे आजोळ तेलंगणात, सासर कलबुर्गीकडे आणि पोट सोलापुरात. काही वर्षांपूर्वी माझ्या अशाच एका पक्षकाराचा मेहुणा शेताचा पहाणी उतारा घेऊन जामीन राहायला आला. उतारा कानडीत होता. आमच्या जिल्ह्यापासून कर्नाटकची हद्द बसने तासाभराची, पण त्या कागदाकडे परदेशी कागदासारखे पाहिले गेले आणि स्थानिक सातबारा व ऐपतीचा दाखला आणा, असे सांगण्यात आले. ज्याच्या नावावर सातबारा आहे असा माणूस त्याच्या ओळखीत एकही नव्हता. मी मोतीरामचा निकाल वाचून दाखवला, रक्कम कमी करून मागितली, तरी तो सुटायला आणखी नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत त्याच्या मागावर दुसरा माणूस बसला होता.

तिसरा निकाल ३० ऑगस्टचा, सुनील बत्राचा, पाच न्यायमूर्तींच्या पीठाचा. फाशीची शिक्षा झालेल्याला अपील प्रलंबित असताना एकांत कोठडीत टाकता येणार नाही, हे त्यात ठरले. त्या प्रकरणात कृष्ण अय्यर आणि इतर न्यायमूर्ती स्वतः तिहारला जाऊन कोठडी पाहून आले होते. पुढच्या वर्षी याच बत्राने दुसऱ्या एका कैद्याच्या छळाबद्दल पाठवलेले पत्र त्यांनी याचिका म्हणून दाखल करून घेतले.

मंत्रिपदाचा उपयोग आणखी एका ठिकाणी स्पष्ट दिसतो. १९८० च्या रतलाम नगरपालिका प्रकरणात उघड्या गटारांच्या दुर्गंधीने त्रासलेल्या रहिवाशांना नगरपालिकेचे उत्तर होते, निधी नाही. हे उत्तर त्यांनी स्वतः पाटबंधारे आणि वीज खाती सांभाळताना असंख्य वेळा ऐकले असणार. त्यांनी ते स्वीकारले नाही आणि कायद्याने घातलेले कर्तव्य पैशाच्या सबबीवर टाळता येत नाही, असे ठरवून कामाचा आदेश कायम केला.

जिथे तोल गेला

आदरापोटी ही बाजू झाकणे योग्य होणार नाही. फेब्रुवारी १९७९ च्या राजेंद्र प्रसाद प्रकरणात त्यांनी बहुमताच्या निकालात फाशीची शिक्षा अत्यंत मर्यादित केली, जवळजवळ समाजाला सतत धोका असणाऱ्यांपुरतीच. न्या. ए. पी. सेन यांनी भिन्नमत लिहिले, की असा बदल करणे हे संसदेचे काम आहे. पुढच्याच वर्षी बच्चन सिंग प्रकरणात घटनापीठाने राजेंद्र प्रसादची ती भूमिका नाकारली. फाशीविषयी त्यांचे जे मत होते ते माझेही आहे. तरीही सेन यांचे म्हणणे मला बरोबर वाटते. १९७५ मध्ये 'कायदा बदलणे हे विधिमंडळाचे काम' असे सांगणारा न्यायमूर्ती इथे ते काम स्वतःच्या हाती घेतो, आणि इथे मला आमदार दिसतो.

बंगळूर पाणीपुरवठा प्रकरणात १९७८ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठासाठी त्यांनी 'उद्योग' या शब्दाची जी व्यापक व्याख्या केली, तिने रुग्णालये आणि शिक्षणसंस्थाही कामगार कायद्याखाली आणल्या. कामगारांना तिचा आधार मिळाला, पण ती पुढे मोठ्या पीठाकडे फेरविचारासाठी गेली. विडी आणि यंत्रमाग कामगारांच्या या शहरात त्या व्याख्येविषयी दुमत क्वचितच निघेल, म्हणून मी त्यावर जास्त लिहीत नाही.

आणि भाषा. त्यांची इंग्रजी अलंकारांनी इतकी जड आहे की विद्यार्थी शब्दकोश घेऊन बसतात. गवंड्याच्या जामिनाचा निकाल गवंड्याच्या वकिलालाही दोनदा वाचावा लागतो, ही खेदाची गोष्ट आहे.

दुसरी नियुक्ती, दुसरा माणूस

तुलनेसाठी बहारुल इस्लाम यांचे प्रकरण बैठकीत मांडले. ते १९६२ ते १९७२ काँग्रेसचे राज्यसभा सदस्य, मग गौहाटी उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व मुख्य न्यायमूर्ती. मार्च १९८० मध्ये निवृत्त झाल्यावर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांना सर्वोच्च न्यायालयात घेण्यात आले. डिसेंबर १९८२ मध्ये बिहारचे मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्र यांच्यावरील खटला मागे घेण्यास मान्यता देणाऱ्या बहुमतात ते होते, भिन्नमत न्या. तुळजापूरकरांचे होते. पुढच्याच महिन्यात, निवृत्तीला काही आठवडे असताना, त्यांनी राजीनामा दिला आणि काँग्रेसतर्फे लोकसभेची उमेदवारी घेतली. नंतर ते राज्यसभेत गेले.

कागदावर दोघांची वाटचाल सारखीच वाचता येते. पण इस्लाम यांच्या बाबतीत राजकारण न्यायासनाच्या आधीही होते आणि लगेच नंतरही होते, त्यामुळे मधल्या निकालाकडे कुणालाही स्वच्छ नजरेने पाहता येत नाही, मग तो निकाल कायद्याने बरोबर असला तरी. कृष्ण अय्यर नोव्हेंबर १९८० मध्ये निवृत्त झाले आणि त्यांनी कुठलेही सरकारी पद घेतले नाही. १९८७ मध्ये ते विरोधकांचे उमेदवार म्हणून राष्ट्रपतिपदासाठी उभे राहिले आणि आर. वेंकटरामन यांच्याकडून हरले. काही मित्रांना हीसुद्धा राजकारणातली वापसी वाटते. निवृत्तीनंतर सात वर्षांनी, हरण्याची खात्री असलेल्या निवडणुकीत उभे राहणे आणि राजीनाम्यानंतर लगेच सत्ताधारी पक्षाचे तिकीट घेणे यांत मला मोठे अंतर दिसते. बैठकीत मात्र यावर एकमत झाले नाही. त्या मुलीने, जिच्या प्रश्नातून हे सुरू झाले, शेवटी असे मांडले की नियुक्तीच्या वेळी भूतकाळापेक्षा निवृत्तीनंतरच्या काळाची हमी घ्यायला हवी, किमान काही वर्षे कुठलेही पद किंवा तिकीट नाही अशी. कायद्यात आज तशी तरतूद नाही. अनुच्छेद १२४ निवृत्त न्यायमूर्तीला वकिली करण्यास मनाई करतो, निवडणूक लढवण्यास नाही.

कृष्ण अय्यर ४ डिसेंबर २०१४ रोजी कोचीत गेले. त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मे १९७३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयात येण्याच्या दोनच महिने आधी, गरिबांसाठी कायदेशीर मदतीचा अहवाल दिला होता. अनुच्छेद ३९ अ, १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आणि जिल्ह्याजिल्ह्यांतली गरिबांसाठी मोफत वकिलांची आजची पॅनेले यांच्या मुळाशी तो आहे. मी आमच्या जिल्ह्याच्या पॅनेलवर आहे.

गेल्या महिन्यात माझ्याकडे एका अपिलाचे कागद आले. पूर्व भागातला तिशीचा कामगार, सत्र न्यायालयातून सात वर्षांची शिक्षा, घरी विड्या वळणारी आई. अपील आता कोल्हापूरला दाखल करायचे होते. कागद चाळताना निकालाच्या नकलेमागे लावलेली कारागृहाची पोच दिसली. 'निकालाची प्रत मिळाली' एवढाच छापील मजकूर, खाली त्याची तेलुगूतली सही, आणि तारीख निकालानंतर चौथ्या दिवसाची. विलंब माफीचा अर्ज करण्याची गरजच पडली नाही.